बीकेसीत बसायचं कुठे?

श्रोतेहो, समीक्षा पुस्तकाची होते, नाटकाची होते. आज आम्ही एका शहरभागाची करणार आहोत. वांद्रे-कुर्ला संकुल, म्हणजे बीकेसी. वाईत बसून हा विषय का? आपली मुलं तिथे नोकरीला जातात म्हणून.

१९७७ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे या सुमारे ३७० हेक्टर जागेचं नियोजन आलं. मिठी नदी, वाकोला नाला आणि माहीमची खाडी यांच्या काठची सखल, पाणथळ जमीन. फोर्ट आणि नरिमन पॉइंटवरची कचेऱ्यांची दाटी कमी करायची, हा हेतू रास्त होता. कंपन्यांच्या बाजूने पाहिलं तर प्रयोग फळलाही. राष्ट्रीय शेअर बाजार आला, सेबी आली, २०१० मध्ये हिऱ्यांचा बाजारसुद्धा ऑपेरा हाऊस सोडून इकडे आला. हे नाकारणं कोतेपणाचं होईल.

पण नोकरदाराचं काय? नावात वांद्रे आणि कुर्ला अशी दोन स्टेशनं, आणि संकुल दोन्हीपासून लांब! रिक्षाच्या रांगेत पिढी गेली. भुयारी मेट्रो तिथे पोचली ती २०२४ च्या ऑक्टोबरात. आधी भूखंड, मग माणसाची वाट. आमचा पहिला आक्षेप या क्रमावर आहे.

दुसरा आक्षेप जरा खाजगी. मागे एका कामासाठी आम्ही तिथे गेलो होतो. गुडघे बोलायला लागले, तसे एका इमारतीच्या पायरीवर टेकलो. रखवालदार आला, अगदी अदबीनं म्हणाला, "आजोबा, इथं बसू देत नाहीत." बोलीवरून ओळखलं, विचारलं, तर गडी आपल्या जावळीचा! "तू कुठे बसतोस?" "मलाबी परवानगी न्हाई." बारा तास उभा. माणसाला केवळ साधन समजू नये, हे कांटचं वाक्य आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. त्याचं उदाहरण मात्र त्या पायरीवर भेटलं.

आपला गणपती घाट आठवा. तिथे बँकेतला साहेब बसतो, भाजीवाली बसते, 'स्वदेस'चं चित्रीकरण कुठे झालं ते शोधत आलेला पाहुणाही बसतो. विकत काही घ्यावं लागत नाही. अर्थात घाटाचे फार गोडवे नकोत. अशा पायऱ्या एकेकाळी सगळ्यांना सारख्या खुल्या नव्हत्या, आणि घाटाच्या भरवशावर पोट भरत नाही, म्हणून तर मुलं मुंबईला जातात.

न्यूयॉर्कने १९६१ मध्ये नियम केला: इमारतीपुढे लोकांसाठी मोकळी जागा सोडा, वर जास्त बांधकाम घ्या. जागा सुटल्या, पण कित्येक ओस पडल्या. विल्यम व्हाइट नावाच्या अभ्यासकाने त्या चौकांत कॅमेरे लावून माणसं मोजली. त्याला आढळलं ते असं, की लोक तिथे बसतात जिथे बसायला जागा असते. हसू नका, एवढी साधी गोष्ट पटवायला त्याला वर्षं लागली.

तेव्हा बीकेसीत सुशोभीकरणाचा पुढचा आराखडा निघेल, त्यात कारंजी जरूर घाला. पण त्याआधी त्या जावळीच्या पोराला एक खुर्ची द्या.