तिरंगी बोका आणि नववीचा धडा

इयत्ता नववीच्या २०१७ साली आलेल्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ हे सोळावे प्रकरण आहे. टर्नर आणि क्लाईनफेल्टर या संलक्षणांना त्यात थोड्या ओळी मिळाल्या आहेत. दिलेली माहिती चूक नाही. पण एक गुणसूत्र कमी किंवा जास्त, म्हणून व्यक्ती प्रजननक्षम नाही, एवढ्यावर विषय आटोपतो. हे कशावरून कळले, असे मुलांनी विचारावे असे काहीच तिथे नाही. उरतात पाठ करायची दोन नावे आणि एक शिक्का. ‘वांझ’ हा शब्द सातारा-सांगलीकडच्या गावांत कसा उच्चारला जातो, हे शिक्षकांना सांगायला नको. आणि जन्मणाऱ्या पाचशे ते हजार मुलग्यांत साधारण एकाला एक्स गुणसूत्र जादा असते. बहुतेकांना ते ठाऊकही नसते. तो मुलगा आपल्याच वर्गात बसलेला असू शकतो.

मग सुरुवात मांजरापासून का करू नये? पांढरे, काळे आणि तांबडे असे तिरंगी मांजर बहुधा भाटीच असते. तांबड्या रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो (तो नेमका कोणता, हे २०२५ साली प्रसिद्ध झाले). भाटीला दोन एक्स. गर्भावस्थेतच प्रत्येक पेशीत त्यांपैकी एक निष्क्रिय होतो, कुठे हा तर कुठे तो. म्हणून अंगावर काळी-तांबडी ठिगळे. पांढऱ्याचा जनुक निराळ्या गुणसूत्रावर, त्याचा लिंगाशी संबंध नाही. बोक्याला एकच एक्स, तेव्हा तो काळा तरी किंवा तांबडा तरी. तरीही क्वचित तिरंगी बोका आढळतो. १९६१ साली अमेरिकेत थुलिन व नॉर्बी यांनी अशा बोक्यांची गुणसूत्रे मोजली. ३८ ऐवजी ३९ निघाली: दोन एक्स, एक वाय. क्लाईनफेल्टरचेच हे मांजरातले रूप. गल्लीत दिसणाऱ्या रंगावरून पोरे इथवर तर्काने पोचतात. पुस्तकाने ही संधी दवडली आहे.

दुसरा आक्षेप जरा मोठा. धडा वाचून असे वाटते की लिंग म्हणजे केवळ गुणसूत्रांची मोजदाद. पण माण, जत, आटपाडीकडच्या एखाद्या खिलार गाईला खोंड आणि कालवड असे जुळे झाले, तर ती कालवड बहुतेक वेळा वांझ निघते. दहांत नऊ वेळा तरी. तिला वारशाने मिळालेली गुणसूत्रे मादीचीच, नेहमीची. गर्भाशयात दोघांचे रक्त मिसळते आणि भावाच्या वृषणांतील स्रावांमुळे तिची बीजांडे नीट वाढत नाहीत. घेणाऱ्याला हे दोन-अडीच वर्षे चारा घातल्यावर कळते.

वाय गुणसूत्रावरचा नरत्व सुरू करणारा जनुक १९९० साली सापडला. मात्र दोन्ही भुंड्या माता-पित्यांकडून शिंगे नसण्याचा जनुक मिळालेली काही शेळीची पिल्ले, वाय मुळीच नसताना, बोकडासारखी वाढतात. २००१ साली फ्रेंच संशोधकांनी त्याचे कारण दाखवले: गुणसूत्राचा सुमारे पावणेबारा हजार अक्षरांचा एक तुकडा त्यांच्यात गळालेला असतो.