प्राइसच्या आवाजातली आई

टिम बर्टनच्या ‘व्हिन्सेंट’ या लघुपटात आई आपल्या मुलाला ठणकावून सांगते, की तू व्हिन्सेंट प्राइस नाहीस. तिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पंचाईत एवढीच, की तिच्या तोंडचं हे बोलणं आपल्याला ऐकू येतं ते खुद्द व्हिन्सेंट प्राइसच्या आवाजात. या सहा मिनिटांत बोलणारा दुसरा कोणी नाहीच. निवेदक तो, मुलाच्या मनातलं बोलणारा तो आणि मुलाला भानावर आणू पाहणारी आईही तोच. ज्या आवाजानं पोराला वेड लावलं, त्याच आवाजात त्याचं वेड उतरवायचं, असा हा उद्योग आहे. तो कसा पार पडावा?

गोष्ट म्हणावी तर चिमूटभर. व्हिन्सेंट मॅलॉय सात वर्षांचा. सांगितलेलं ऐकणारा, पाहुण्यांशी नीट वागणारा. घरात आई, बहीण, कुत्रा आणि मांजरं. त्याला मात्र कोळी आणि वटवाघळांच्या सहवासात राहायचंय, अंधाऱ्या बोळांतून एकट्यानं, खिन्न चेहऱ्यानं हिंडायचंय. थोडक्यात, त्याला प्राइस व्हायचंय. प्राइस म्हणजे 1953 च्या ‘हाउस ऑफ वॅक्स’मधला, प्रेतांवर मेण चढवून पुतळे उभे करणारा शिल्पकार. 1960 पासून रॉजर कॉर्मननं एडगर ॲलन पोच्या साहित्यावर जे चित्रपट काढले, त्यांतल्या बहुतेकांचा खानदानी, कुढणारा नायकही तोच. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसेल, पण मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ गाण्याच्या शेवटी येणारं ते खर्जातलं बोलणं आणि अंगावर येणारं हसणं याच गृहस्थांचं. ‘व्हिन्सेंट’ही त्याच 1982 सालचा.

बर्टन तेव्हा चोवीस वर्षांचा, डिस्नेच्या नोकरीत. ‘द फॉक्स अँड द हाउंड’साठी गोजिरवाणे कोल्हे काढण्याचं काम त्याच्या वाट्याला आलं होतं आणि ते त्याच्या हाताला अजिबात मानवत नव्हतं. लहान मुलांच्या पुस्तकासाठी म्हणून त्यानं एक कविता लिहून ठेवली होती. स्टुडिओतल्या एक-दोन वरिष्ठांना हा मुलगा निराळा वाटला. त्यांनी साठ हजार डॉलर सोडवून दिले आणि त्या पुस्तकाचा लघुपट झाला. शिल्पं आणि सजावट रिक हाइनरिक्सची (पुढे ‘स्लीपी हॉलो’साठी ऑस्कर मिळवणारा तोच), बाहुल्या हलवल्या स्टीफन किओडोनं.

स्टॉप-मोशनचं काम किती चिकाटीचं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. बाहुली केसभर हलवायची, एक फ्रेम टिपायची, पुन्हा हलवायची. पडद्यावर सेकंदाला चोवीस फ्रेम जातात, म्हणजे सहा मिनिटांना आठ हजारांवर. पण या चित्रपटात मला कौतुक वाटतं ते कष्टांचं नाही, या तंत्राची निवड नेमकी का पटते याचं. बाहुलीला स्वतःचा जीव नसतो. कुणीतरी दुसरा तिला प्रत्येक फ्रेमला नवा पवित्रा देतो. व्हिन्सेंटही असाच पवित्रे घेत जगतो. त्याची मान झुकते ती दुःखानं नाही, दुःखी माणसाची मान कशी झुकावी हे त्यानं सिनेमात पाहिलंय म्हणून. हाडामांसाच्या बालकलाकारानं हे केलं असतं तर आगाऊपणा वाटला असता. बाहुलीच्या अंगी मात्र हा कृत्रिमपणा जन्मजातच आहे.

आणि प्रकाश. चित्रपट कृष्णधवल आहे, पण त्याचे दोन कृष्णधवल आहेत. एकात घर साधं, उजळ, राखाडी छटांचं, शेजारच्या कुणाचंही असावं असं. दुसऱ्यात राखाडी जवळजवळ पुसून जातो. काळं ते काळंकुट्ट, पांढरं ते डोळ्यांत खुपणारं. भिंती कलतात, सावल्या माणसांपेक्षा लांब होतात. 1920 च्या ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी’पासून जर्मन मूकपटांनी जी वाकडी-तिकडी दुनिया उभी केली, तिच्याशी याचं नातं उघड दिसतं. एका दुनियेतून दुसरीत जायला बर्टन सोहळा करत नाही. दिवा जातो, पोराचे चापून बसवलेले केस पिंजारतात, हातात सिगारेट होल्डर येतो. दिवा येतो, पुन्हा तोच आज्ञाधारक मुलगा. ही उघडझाप इतकी चटपटीत आहे, की खरं घर कोणतं आणि मनातलं कोणतं हे ठरवायला आपल्याला उसंतच मिळत नाही.

कल्पनेचे खेळ एकामागून एक येतात. मावशी भेटायला आली की हा गोड वागतो आणि मनातल्या मनात तिला उकळत्या मेणात बुडवून संग्रहालयात उभी करतो. अ‍ॅबरक्रॉम्बी नावाच्या कुत्र्यावर प्रयोग करून त्याचा झॉम्बी बनवायचा आणि त्याला घेऊन लंडनच्या धुक्यात सावज शोधत फिरायचं, हा दुसरा बेत. हे प्रसंग गमतीचे आहेत, तेवढ्यापुरते. खरी पकड येते ती फुलांच्या वाफ्यापाशी.

बाकीची मुलं बाळबोध वाचनाची पुस्तकं वाचत असताना हा पो वाचतो. (आपल्याकडेही गोट्या आणि फास्टर फेणे वाचायच्या वयात नारायण धारप वाचून रात्रभर दिवा चालू ठेवणारी मुलं होतीच.) एका रात्री वाचता वाचता त्याला कळतं, की आपल्या सुंदर पत्नीला जिवंतपणीच पुरलं गेलंय. सात वर्षांच्या मुलाची पत्नी! ती खरंच मेली आहे ना, याची खात्री करायला तो कबर उकरायला घेतो. आणि ती कबर म्हणजे आईनं लावलेला फुलांचा वाफा. एवढा वेळ जे काही घडत होतं ते त्याच्या डोक्यात. मेणात बुडालेली मावशी सुखरूप घरी गेली असणार. वाफा मात्र खरोखर उकरला जातो. कल्पनेची पहिली झळ खऱ्या जगाला लागते ती इथे, आणि शिक्षाही खरी होते: खोलीत जाऊन बस. इथे हसू येतं आणि पोटात थोडं हलतंही. ज्या दुःखाचा त्याला गंध नाही ते दुःख हा मुलगा मनापासून, घाम गाळून उकरतोय.

उसन्या दुःखाचा हा विनोद कवितेच्या चालीतही मुरलेला आहे. ओळी जोडीजोडीनं यमक जुळवत येतात, अमेरिकी मुलांच्या तोंडी असलेल्या डॉक्टर स्यूसच्या बडबडगीतांसारख्या ठेक्यात. टाळी वाजवून म्हणावा असा ताल आणि आत मढी, मेण, वेड. प्राइस ठेका मोडत नाही आणि त्याच्या मागेही धावत नाही. तो ओळीच्या शेवटी येणाऱ्या यमकाला किंचित थांबवून धरतो, जणू एखादी फार मोठी शोकांतिका सांगतोय. मुलाची टिंगल त्याच्या आवाजात कुठेच नाही. खरं तर टिंगल करण्याचा त्याला पुरेपूर अधिकार होता. 1963 साली कॉर्मनच्या ‘द रेव्हन’मध्ये त्यानं पोच्या त्याच नावाच्या शोकाकुल कवितेवरून चक्क धमाल विनोदी भूमिका केली होती. म्हणजे या दुःखाचा विनोद आधी होऊन गेलेला. इथे मात्र तो गंभीर राहतो, मुलगा जितका गंभीर आहे तितकाच.

म्हणूनच आईचा प्रसंग मला या लघुपटाचा कणा वाटतो. खोलीत डांबलेला व्हिन्सेंट तिला मनोऱ्यातली कोठडी समजून बसलाय. आई दार उघडते आणि म्हणते, बाहेर छान ऊन पडलंय, जा खेळायला. म्हणजे शिक्षा कधीचीच संपली. याला बोलायचं असतं, पण एकांतवासानं वाचा गेलेली! मग टाक घेऊन तो कागदावर लिहितो, की या घरानं मला झपाटलंय, आता सुटका नाही. हे कॉर्मनच्या ‘हाउस ऑफ अशर’मधल्या प्राइसचं दुखणं, जसंच्या तसं उचललेलं. त्यावर आई जे सुनावते त्यात खोट काढायला जागा नाही: हे सगळं तुझ्या डोक्यातलं आहे, तू माझा सात वर्षांचा मुलगा आहेस. बाईचं काहीच चुकत नाही. ती खाष्ट नाही, दुष्ट तर नाहीच. माझी तक्रार असलीच तर ही, की बर्टननं तिला याहून अधिक काही होऊ दिलेलं नाही. ती उन्हाची जाहिरात करून निघून जाते. पण तिच्या युक्तिवादाला प्राइसचा आवाज दिल्यावर बर्टनला तिला वेगळं हरवावं लागत नाही. वाक्य एक सांगतं, आवाज त्याच्या उलट सांगतो, आणि मुलाच्या कानांना आवाजच खरा वाटणार.

ती गेल्यावर खोली फिरू लागते. मेणातली मावशी, झॉम्बी कुत्रा, कबरीतली पत्नी, सगळी मंडळी हिशेब चुकता करायला हजर होतात. हा भाग मला जरा घाईचा वाटतो. आधी प्रत्येक प्रसंगाला मिळालेला श्वास इथे मिळत नाही. व्हिन्सेंट दाराच्या दिशेनं सरपटतो, कोसळतो आणि पोच्या ‘द रेव्हन’मधली अखेरची ओळ पुटपुटत निपचित पडतो. दिवा लागत नाही. एरवी प्रत्येक वेळी आपल्याला घरी परत आणणारा उजेड या वेळी येतच नाही.

मुलगा मेला का? मला नाही तसं वाटत. मरताना पाठ केलेली ओळ अचूक म्हणणारा माणूस मरत नसतो, भूमिका करत असतो. पण चित्रपट तशी हमी देत नाही, आणि डिस्नेला नेमकं तेच खटकलं. दिवा लागावा, वडील आत यावेत आणि चल, सामना बघायला जाऊ म्हणावं, असा शेवट त्यांना हवा होता. बर्टन बधला नाही. तो शेवट आला असता तर गोडवा वाढला असता, पण सगळ्या चित्रपटात फक्त ऐकू येणाऱ्या प्राइसला बाजूला सारून एक नवाच, आधी कधी न दिसलेला बाप येऊन मुलाला घेऊन गेला असता. प्राइसला मात्र हा लघुपट मनापासून भावला. हॉलिवूडच्या फुटपाथवरच्या ताऱ्यापेक्षा हे अमरत्व मोलाचं, अशा अर्थाचं तो बोलला होता. बर्टनच्या 1990 च्या ‘एडवर्ड सिझरहँड्स’मध्ये कात्र्यांच्या हातांचा मुलगा घडवणारा म्हातारा शास्त्रज्ञही त्यानंच केला. तीन वर्षांनी तो गेला.

डिस्नेला या चित्रपटाचं करायचं काय ते कळलं नाही. ‘टेक्स’ नावाच्या तरुणांच्या चित्रपटाला जोडून लॉस एंजलिसमध्ये तो थोडे दिवस दाखवला आणि बाजूला ठेवला. 1984 मध्ये बर्टननं मेलेल्या कुत्र्याला जिवंत करणाऱ्या मुलाची ‘फ्रँकनवीनी’ त्यांच्याचसाठी केली, तेव्हा ही मुलांना घाबरवेल म्हणून तीही अडगळीत गेली. 2012 साली त्याच डिस्नेनं ती पूर्ण लांबीची, स्टॉप-मोशनमध्ये आणि कृष्णधवल अशी पुन्हा काढून जगभर लावली. अ‍ॅबरक्रॉम्बीवरचा प्रयोग यशस्वी व्हायला तीस वर्षं लागली.