साठ हजार पावलं

आपल्याकडे रात्री जेवण झालं की शतपावली करतात. आकडा त्या शब्दातच बसलेला आहे, पण अंगणात फेऱ्या मारणाऱ्या कुणा आजोबांनी कधी शंभर पावलं मोजल्याचं मी पाहिलेलं नाही. मोजायची जबाबदारी मनगटावरच्या पट्ट्याने घेतली, तेव्हा चालण्याचं काय झालं? या प्रश्नावरचं मला सर्वांत आवडणारं लेखन डेव्हिड सेडॅरिस या अमेरिकन निबंधकाराचं आहे. ‘स्टेपिंग आउट’ हा त्याचा निबंध ‘द न्यू यॉर्कर’च्या ३० जून २०१४ च्या अंकात आला आणि २०१८ मध्ये ‘कॅलिप्सो’ या संग्रहात गेला. रोजचं चालणं, एवढाच ऐवज. त्यातून उभा राहतो तो मात्र एक अख्खा माणूस.

सुरुवात मेलबर्नमधल्या एका इटालियन उपाहारगृहात होते. टेबलाशी बसलेली एक बाई आपल्या मोलकरणीविषयी काहीतरी सांगते आहे. वाचकाला वाटतं, निबंध त्याबद्दलच असेल. मग तिच्या हातातला पट्टा दिसतो आणि सगळं तिकडे वळतं. विषयात असं मागच्या दाराने शिरणं मला फार आवडतं. कारण हे पट्टे आपल्याही घरात असेच आले, दुसऱ्या कुणाच्या तरी मनगटावर दिसून.

पावलं मोजणाऱ्या फिटबिट कंपनीच्या त्या पट्ट्यावर आकडा उमटत नसे. टिचकी मारली की बारीक ठिपके उजळायचे आणि ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं की मनगटावर थरथर व्हायची. सेडॅरिसही असा पट्टा घेतो. दहा हजार पावलं म्हणजे त्याच्या उंचीच्या माणसाला चार मैलांहून थोडं अधिक. तेवढं होतं. पण हॉटेलच्या खोलीवर परतल्यावर बारा हजार झालेली कळली, की तो आणखी तीन हजारांसाठी पुन्हा बाहेर पडतो. त्याचा जोडीदार ह्यू विचारतो, बारा हजार का पुरत नाहीत? उत्तर असं, की पट्ट्याला वाटतं, याला अजून जमेल. इथे निर्जीव वस्तूला मत आलं. आणि लेखक त्या मताला एखाद्या गुरूच्या शब्दासारखं मानतो.

निबंधाचा खरा आनंद पुढे आहे. इंग्लंडमधल्या वेस्ट ससेक्सच्या ग्रामीण भागातल्या घरी परतल्यावर आकडा चढत जातो. तीस हजार, पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस. प्रत्येक टप्प्यावर कंपनीकडून बिल्ला येतो. शेवटी साठ हजार, म्हणजे साडेपंचवीस मैल, मॅरेथॉनपेक्षा जेमतेम कमी. वय सत्तावन्न, तळवे सपाट आणि खांद्यावर कचऱ्याची जड पिशवी. जवळजवळ नऊ तास. आकडा वाढतो तसा निबंधाचा नकाशाही वाढतो. आधी हॉटेल, मग घराजवळची वाट, मग लांबच्या गल्ल्या आणि शेतं. एका शेतात गाय विताना दिसते. गाडीतून जाणाऱ्याला हे कुठून दिसायचं? पट्ट्याला त्यातलं काहीच कळत नाही, त्याला फक्त हाताचे झोके समजतात. पट्टा मोजतो आणि लेखक पाहतो, या दोन कामांमधल्या अंतरात हा निबंध वसलेला आहे.

आणि कचरा! चालता चालता तो रस्त्याकडेची वेष्टनं, बाटल्या उचलू लागतो. पावलांना हेतू मिळतो, गावाला स्वच्छ रस्ते. तिथल्या परिषदेने कृतज्ञता म्हणून कचऱ्याच्या एका गाडीला त्याचंच नाव दिलं. नामवंत लेखकाला हा पुरस्कार मोठ्या पारितोषिकाइतका प्रिय वाटतो आणि त्यात मला खोटं काही जाणवत नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. सेडॅरिसच्या १९९७ मधल्या ‘नेकेड’ या संग्रहात ‘अ प्लेग ऑफ टिक्स’ नावाचा निबंध आहे, लहानपणीच्या अनावर सवयींवरचा. शाळा ते घर हे अंतर त्या मुलाने मोजून ठेवलेलं आहे: ६३७ पावलं. वाटेत ठरावीक वस्तूंना स्पर्श केल्याशिवाय त्याला पुढे जाताच येत नाही, आणि एवढ्याशा वाटेला तास लागतो. शिक्षिका वैतागते, मुलगा एकटा पडतो. हे ध्यानात ठेवून ‘स्टेपिंग आउट’ वाचला की तो पार बदलून जातो. पावलं मोजणं त्याला पट्ट्याने शिकवलेलं नाही. ते ओझं तो लहानपणापासून वाहत होता. पट्ट्याने फक्त त्याच्या हातून मोजणी काढून घेतली, आणि मोकळ्या झालेल्या हातात कचरा उचलायची काठी आली. ज्या सवयीपायी शाळेत लाज वाटायची, तिने एका गावाचे रस्ते स्वच्छ केले. काही माणसांना असं उपकरण सहज पेलतं आणि काहींच्या आयुष्याचा ताबाच घेतं, असं का, हा प्रश्न तो स्वतःच विचारतो. त्याच्या उत्तराचा एक तुकडा त्या ६३७ पावलांत आहे.

मराठी वाचकाला इथे ‘बटाट्याची चाळ’मधला ‘उपास’ आठवेल. पु. ल. देशपांड्यांच्या त्या लेखात वजन उतरवण्याच्या संकल्पात अख्खी चाळ सल्ले घेऊन शिरते. सेडॅरिसच्या वाटेवर तो आहे आणि मनगटावरचा पट्टा. तिथे निश्चय टिकत नाही, इथे तो थांबतच नाही. दोन्ही लेखक शरीराबद्दल बोलता बोलता एकटेपणाबद्दल किंवा शेजाराबद्दल बोलून जातात.

ज्या दहा हजारांपासून सेडॅरिसची धाव सुरू होते, तो आकडा कुणा वैद्याने ठरवलेला नव्हता. टोकियो ऑलिंपिकच्या दुसऱ्या वर्षी, १९६५ मध्ये, यामासा या जपानी कंपनीने ‘मान्पो-केई’ हे कमरेला लावायचं यंत्र आणलं. ‘मान’ म्हणजे दहा हजार, ‘पो’ पावलं, ‘केई’ मोजणारं यंत्र. नावाला भरीव वाटेल असा आकडा घेतला आणि तो जगभर पसरला. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये २,७०० चालणाऱ्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या आसपास हा लाभ स्थिरावत होता. माझ्या मनगटावरच्या पट्ट्याचं उद्दिष्ट मी त्यानंतर साडेसात हजारांवर आणलं. गेली तीन वर्षं ते बहुतेक दिवस पूर्ण होतं.

‘स्टेपिंग आउट’चा शेवट मी पुन्हा पुन्हा वाचतो. पट्टा बंद पडतो. टिचकी मारली तरी ठिपके येत नाहीत. आधी दुःख, मग सुटल्याची भावना. आता कशाला चालायचं, कुणी मोजतच नाही तर? ही मोकळीक पाच तास टिकते. मग तो नवा पट्टा मागवतो आणि तो आल्यावर थरथरत्या हातांनी खोकं उघडतो, पट्टा बांधतो आणि जवळजवळ पळतच बाहेर पडतो. मघाशी मनगटावर होत असलेली थरथर आता हातात उतरली आहे, आणि त्यावर भाष्याची एक ओळही नाही. दुसऱ्या कुणी इथे उपदेश केला असता.

हे दोन्ही निबंध लागोपाठ वाचा, आधी ‘अ प्लेग ऑफ टिक्स’, मग ‘स्टेपिंग आउट’. आणि मधल्या वेळात एक फेरी मारून या.