‘तेच ते’ खाण्याचा दोष कोणाचा?

आहारावरच्या शालेय धड्यात दोन गोष्टी हमखास असतात : ‘रोज तेच ते खाऊ नये’ हा उपदेश आणि जीवनसत्त्वे व अभावजन्य रोग यांचा तक्ता. दोन्ही बरोबर आहेत; पण ‘का?’ हा प्रश्न दोन्हींत निसटतो.

पेलाग्राचेच पाहा. तक्ता म्हणतो, नायसिनचा अभाव. मेक्सिकोतले लोक तर हजारो वर्षे रोज मका खात आले. पण तो चुन्याच्या पाण्यात शिजवून. त्यामुळे मक्यातले बद्ध नायसिन मोकळे होते. जोडीला घेवडाही असे. मका युरोपात गेला, ही रीत गेली नाही. १७३५ मध्ये गास्पार कासाल यांनी स्पेनमधल्या गरीब शेतकऱ्यांत हा रोग पाहिला.

१९१५ मध्ये जोसेफ गोल्डबर्गर यांनी मिसिसिपीत सुटकेच्या बोलीवर तयार झालेल्या कैद्यांवर प्रयोग केला. पानात मका, मैदा, तांदूळ, रताळी, साखर असे बरेच जिन्नस होते. दूध, मांस, डाळी मात्र नव्हत्या. अकरापैकी सहा जणांना पेलाग्रा झाला. म्हणजे जिन्नस मोजून भागत नाही.

आपल्याकडेही ज्वारी खाणाऱ्यांतील पेलाग्राकडे सी. गोपालन व श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये लक्ष वेधले. म्हणून रोज भाकरी आणणाऱ्या मुलाला नावे ठेवण्याआधी दोन प्रश्न वर्गात विचारावेत : भाकरीबरोबर काय असते? आणि डाळ-दूध का नसते? दुसऱ्याचे उत्तर तक्त्यात सापडत नाही. धड्याची खरी उणीव तीच आहे.