पूररेषेबाहेरचं शिरगाव

शहराची तग धरण्याची क्षमता कशी मोजतात, हा आजचा विषय. नुसत्या व्याख्या करत बसण्यापेक्षा मोजायचं एक साधनच तपासू: संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती-जोखीम कार्यालयाची शहरांसाठीची गुणपत्रिका. ती लावून पाहू बदलापूर पूर्वेच्या शिरगावला.

या गुणपत्रिकेत दहा सूत्रं आहेत. २०१७च्या आवृत्तीत प्राथमिक पातळीवर ४७ प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. सविस्तर पातळीवर ११७ निकष, शून्य ते पाच गुणांचे. तिचं श्रेय आधी देऊ. आपत्तीची तयारी म्हणजे बोटी, दोरखंड आणि नियंत्रण कक्षाचा फोन, एवढ्यावरच आपल्याकडे बरेचदा भागवलं जातं. या गुणपत्रिकेने जमिनीचा वापर, पैशाची तरतूद, शाळा, दवाखाने हे सगळं प्रश्नांच्या कक्षेत आणलं. हे छोटं काम नाही.

आता आमचा आक्षेप. आठव्या सूत्रात पाणी, वीज, वाहतूक, दूरसंचार, आरोग्य यांना वेगवेगळे प्रश्न आहेत. एक सेवा कोलमडली की दुसरीला कशी ओढते, हे थेट विचारणारा प्राथमिक पातळीवरचा प्रश्न मात्र एकच, तोही दुसऱ्या सूत्रात. त्यालाही तीनच गुण. म्हणजे त्यात शून्य मिळालं तरी बेरीज फारशी बिघडत नाही. साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कच्च्या कडीएवढी असते. इथे आपण कड्यांची सरासरी काढतो.

शिरगावात हे कसं दिसतं बघा. उल्हास नदी वाहते रुळांपलीकडे, पश्चिमेला. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो: निळी, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पूर्वेला घर घेणारा माणूस नकाशा बघतो, रेषा लांब आहे म्हणतो आणि निश्चिंत होतो. पण त्याच्या नळाचं पाणी कुठून येतं? त्याच नदीवरच्या बॅरेज बंधाऱ्यातून. जीवन प्राधिकरण ते उचलतं, शुद्ध करतं, पाठवतं. नदीकाठचं पंपघर पाण्याखाली गेलं, किंवा धोका नको म्हणून तिथली वीज तोडावी लागली, तर पूररेषेबाहेरचा नळही कोरडाच. नकाशावर शिरगाव सुरक्षित आहे, पाइपलाइनवर नाही.

आणखी एक पाऊल मागे जाऊ. उन्हाळ्यात उल्हासला पाणी कुठून येतं? मोठा वाटा आंध्रा धरणाचा. ते पाणी घाटाखाली भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रात येतं, १९२२ सालच्या. वीज तयार झाली की तेच पाणी उल्हासच्या खोऱ्यात सुटतं. म्हणजे पंपाला वीज हवी एवढंच नाही. नदीला पाणी मिळणंसुद्धा वीजनिर्मितीच्या वेळापत्रकाशी बांधलेलं आहे. ‘पाणी’ आणि ‘वीज’ अशा दोन रकान्यांत ही गाठ दिसणार कशी?

आता वाहतूक. २६ जुलै २०१९च्या रात्री निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. गाडीत सुमारे १०५० प्रवासी होते. सगळ्यांना सुखरूप बाहेर काढायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, हवाई दल, आसपासचे गावकरी, सगळे राबले. त्या कामाचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं. पण मूल्यमापनाचा प्रश्न वेगळा आहे. बोटी का लागल्या? कारण रुळांसोबत आजूबाजूचा परिसरही पाण्यात होता. रेल्वेचा पर्याय म्हणून आपण ज्या रस्त्यांचा हिशेब धरतो, तेही त्याच नदीच्या खोऱ्यात. एकाच कारणाने दोन्ही बंद पडत असतील, तर त्याला पर्याय म्हणायचं का?

दुसरी तारीख १२ ऑक्टोबर २०२०. कळवा-पडघा भागातल्या वीजवाहिन्यांतल्या बिघाडाने मुंबई आणि परिसर अंधारला, लोकल जागच्या जागी थांबल्या. तेव्हा कोरोनाचे निर्बंध होते आणि लोकलमध्ये मुभा होती ती मुख्यतः अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांना. म्हणजे रुळांवर अडकली कोण? परिचारिका, सफाई कामगार, बँकेतली माणसं. मुंबईच्या रुग्णालयाची तयारी मोजताना जनरेटर मोजला जातो; बदलापूरहून निघालेली परिचारिका कोण मोजतं? सेवा तारांवर चालते तशी माणसांवरही चालते.

सर्वांत मोठी अडचण मात्र अधिकारांच्या विभागणीची. काही सेवा स्थानिक सरकारच्या हाताबाहेर असू शकतात, हे ही गुणपत्रिकाही मान्य करते आणि संबंधित सगळ्यांना सोबत घेऊन ती भरावी असं सांगते. आपल्याकडे वीज महावितरणची, पाणी जीवन प्राधिकरणाचं, रेल्वे केंद्राची, पूररेषा जलसंपदाची, आणि २००५च्या कायद्याप्रमाणे आपत्ती प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांचं. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेने पूर्ण प्रामाणिकपणे गुण भरले, तरी त्यातले बरेचसे गुण तिच्या हातातले नाहीत. २००१ला लाखाच्या आत असलेली वस्ती २०११ला पावणेदोन लाखांकडे गेली, पुढेही वाढतच राहिली. इमारती वाढल्या, लिफ्ट वाढल्या, गच्चीवर पाणी चढवणारे पंप वाढले. सगळा भार त्याच दोन-तीन धाग्यांवर.

मग गुणपत्रिका फेकून द्यायची? नाही. आम्ही म्हणतो, तिच्या आधी एक साधा कागद भरा. प्रत्येक सेवेने तीनच गोष्टी लिहाव्यात: मी कोणावर अवलंबून आहे, त्याच्याशिवाय किती तास चालेन, आणि बंद पडणार असेन तर कोणाला आधी कळवेन. पंपघराने लिहावं, मोबाइल टॉवरने लिहावं, दवाखान्याने लिहावं. मग सगळे कागद एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. टॉवरची बॅटरी चार तासांची आणि पंपघराचा निरोप सहाव्या तासाला निघणार असेल, तर तो निरोप घरोघरी पोहोचणार नाही, हे कोणत्याही बेरजेशिवाय कळेल.

हा कागद लोकांसमोर यायला हवा. नाहीतर होतं असं, की सेवा थांबतात आणि बादल्या उचलून पाचव्या मजल्यावर नेणाऱ्या माणसालाच आपण चिवट म्हणतो. त्याच्या सोसण्याचे गुण शहराच्या खात्यात जमा करू नयेत, एवढंच आमचं म्हणणं आहे.