ध्यास : लागलेला आणि घेतलेला

‘ध्यास’ हा शब्द अलीकडे वक्त्यांनी व चरित्रकारांनी फार स्वस्त करून टाकला आहे. त्याचे कूळ मात्र थोर आहे. ‘ध्यै’ म्हणजे चिंतणे. या धातूस पाणिनीचा इच्छार्थक ‘सन्’ प्रत्यय लागून द्वित्व होते व ‘निदिध्यास’ सिद्ध होतो. ‘ज्ञा’पासून जिज्ञासा, ‘पा’पासून पिपासा होते, त्याच रीतीने. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीस श्रवण-मननानंतर निदिध्यासन सांगतो, ते हेच. मराठीने आरंभीचे ‘निदि’ गाळले, पण इच्छेचा ‘स’ राखला, असे आम्ही मानतो. म्हणून ध्यास म्हणजे नुसते ध्यान नव्हे. ती चिंतनाची तहान होय.

तहान लागते, वेड लागते, तसाच ध्यास लागतो. ‘मला ध्यास लागला’ या वाक्यात ‘मी’ कर्ता नाही, हेच त्यातील मर्म. ‘मी ध्यास घेतला’ म्हणताच तो शपथेच्या पंक्तीस जाऊन बसतो. हा प्रयोग रूढ आहे. त्यास अशुद्ध ठरविण्याचा आमचा आग्रह नाही. परंतु चरित्रनायकाने पहिल्याच प्रकरणात ध्यास ‘घेतला’, की त्याची झोप कशाने उडाली हे सांगण्याचे कष्ट लेखक बहुधा टाळतो.

उत्तरेत नेमणुकीवर असलेल्या वाचकांस हिंदीतील ‘लगन’ परिचित आहे. त्याच्याही मुळाशी ‘लगना’च आहे. (घरी मुले ‘लगन’ म्हणाली, की आजीच्या कानी लग्नच पडते, ही गोष्ट निराळी!) हव्यास धरता येतो, सोडताही येतो, या चरित्रांतील ध्यास त्याच जातीचा वाटू लागतो, हे आम्हांस खटकते.