संबळ तगलं, तार क्षीण झाली

नळदुर्गला लोक पावसाळ्यात येतात. बोरी नदी भरली की किल्ल्यातल्या पाणीमहालावरून नर आणि मादी हे धबधबे कोसळतात, आणि ते बघायला सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. गाणं ऐकायचं असेल तर मात्र पौषात यावं. अणदूर-नळदुर्गचा खंडोबा वर्षातला बराचसा काळ अणदूरला असतो आणि थंडीत जवळपास दोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात मुक्कामाला येतो. दोन गावांनी एक देव असा वाटून घेतला आहे आणि पिढ्यानपिढ्या शब्द पाळला आहे. पौष पौर्णिमेच्या जत्रेत वाघ्या-मुरळी जमतात. पलीकडे तुळजापूर, म्हणजे भवानीच्या कदमराई गोंधळ्यांचं आणि आराध्यांचं मूळपीठ. लोकसंगीताच्या दृष्टीनं इतका दाट टापू महाराष्ट्रात फार थोडा असेल. तिथल्या वाजवण्याची आज काय अवस्था आहे, हा या लेखाचा विषय. त्यातही माझं लक्ष तारेवर आहे.

मी हौसेनं गिटार वाजवतो. ओढा ब्लूजकडे, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शेतमजुरांच्या गाण्याकडे. त्या वादनात अंगठ्याचं काम वेगळं असतं. लाइटनिंग हॉपकिन्ससारखा वादक जाड तारेवर एकच स्वर ठोक्यासारखा चालू ठेवतो आणि बाकीच्या बोटांनी गळ्याला उत्तरं देतो. वाघ्याच्या मागे उभा असलेला तुणतुणेवाला नेमकं हेच करतो. तो एका तारेवर आधारस्वर देतो आणि त्याच आघातानं लयही धरतो, म्हणजे तंबोरा आणि ताल ही दोन कामं एका हातात. मिसिसिपीतली पोरं घराच्या भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये तार ताणून त्यावर बाटली फिरवत शिकायची. त्या एकतारी वाद्याला डिडली बो म्हणत, आणि ब्लूजचे कितीतरी वादक त्यातूनच गिटारकडे आले. आपल्याकडे ते वाद्य पोरखेळ राहिलं नाही, देवाच्या दारात मानानं उभं राहिलं.

तुणतुण्याची बांधणी अगदी साधी. पोकळ लाकडी नळकांडं, खाली ताणून बसवलेलं कातडं, त्याच्या मधून निघून बाजूच्या काठीवरच्या खुंटीला गेलेली तार आणि ती छेडायला एक काडी. त्याला पट्टी ठरलेली नसते. गाणाऱ्याचा गळा आज कुठं लागतोय ते पाहून खुंटी पिळतात. रात्र चढते, आवाज तापतो, खुंटी पुन्हा फिरते. चौंडक्याची गंमत आणखी निराळी. त्यात हातानं तारेचा ताणच कमी-जास्त होतो, स्वर खालून वर सरकतो, आणि वाद्य बोलल्यासारखं वाटतं. स्लाइड गिटार शिकताना लोक या सरकण्यासाठी वर्षं घालवतात. ‘जोगवा’ (२००९) चित्रपटानं हा आवाज शहरी कानांपर्यंत नेला, आणि त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण चित्रपटानंतर चौंडकं शिकायला कुणी जोगत्याच्या दारी गेलं का, हे विचारायला हवं.

आता अवस्थेकडे येतो. संबळाची चिंता नाही. ते उघड्या मैदानात विनामाईक ऐकू येतं, मिरवणुकीत शोभतं, वाद्यवृंदात खपतं, शहरातली मुलंही ते शिकतात. गाण्यांचीही फारशी चिंता नाही. पदं, आरत्या, आख्यानं मोबाइलवर मिळतात. क्षीण झाली आहे ती तार. जागरण-गोंधळाची पार्टी आता कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि दोन मोठे स्पीकर घेऊन येते. तुणतुणं हातात असतं, फोटोत येतं, ऐकू मात्र येत नाही. माझा आक्षेप यंत्राला नाही, क्रमाला आहे. पूर्वी तार गळ्याच्या मागे जायची, आता गळा कीबोर्डच्या पट्टीमागे जातो. लोकगायकाच्या गळ्यात दोन पट्ट्यांच्या फटीत बसणारे जे स्वर असतात, ते त्यात सपाट होतात. नव्या गायकांच्या तोंडी तेच पद ऐकताना मला काहीतरी हरवल्याचं जाणवतं, ते शब्दांत नसतं, या फटीत असतं.

बेंजोबद्दल मात्र मला जाणकारांपेक्षा वेगळं म्हणायचं आहे. आपल्या वरातींतला बेंजो म्हणजे अमेरिकेतला बँजो नव्हे. तो टंकलेखन यंत्रासारखी बटणं असलेला बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज, तायशोगोतो, १९१२ साली जपानमध्ये नागोयात जन्मला. त्याला हलकं मानायची आपल्याकडे रीत आहे. पण गावोगावची पोरं कुठल्याही शाळेशिवाय, केवळ कानानं, हे तारवाद्य शिकली आणि लोकांसमोर तासन्‌तास उभ्यानं वाजवत राहिली. हौशी जिवंत संगीताची याहून मोठी चळवळ मराठी मुलखात मला तरी दिसत नाही. डीजेनं पहिला घाव घातला तो याच पोरांवर. लोककलेच्या चर्चासत्रांत त्यांच्याविषयी चकार शब्द निघत नाही, हा अन्याय आहे.

मंचावरच्या लोककलेनं नाव मिळवून दिलं, पण वेळ कापला. गोंधळ ही रात्रभराची गोष्ट. चौक मांडायचा, गावोगावच्या देवतांना गोंधळाला बोलवायचं, मग नायकानं आख्यान लावायचं, झीलकऱ्यांनी ओढून धरायचं, पहाटे आरती. विठ्ठल उमपांनी जांभूळ आख्यान रंगभूमीवर नेलं तेव्हा त्यात हा विस्तार शाबूत होता, म्हणून ते उभं राहिलं. युवक महोत्सवातल्या मोजक्या मिनिटांत उरतात वेशभूषा, उड्या आणि संबळाचा कडकडाट. आधारस्वर कानात मुरायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्या मंचावर कुणाजवळच नसतो.

अभ्यासकांनी आपलं काम केलं. रा. चिं. ढेरे यांनी खंडोबावर लिहिलं, गुंथर सोंथायमर यांनी धनगर आणि खंडोबाचे भक्त यांच्यात आयुष्य घालवलं. पण ते काम मुख्यतः दैवताचं, कथेचं, समाजाचं. हात तारेवर कसा पडतो, हे कमी लिहिलं गेलं. १८५३ ते १८५७ या काळात नळदुर्गला राहून कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलरनं पुढे मायदेशी परतल्यावर रॉयल आयरिश अकादमीला भेट मिळालेल्या भारतीय वाद्यांची वर्णनासह यादी लिहिली. दीडशे वर्षांनंतर आपल्याच तालुक्यातले तुणतुणं वाजवणारे आणि ते घडवणारे सुतार यांची तशी यादी आपल्यापाशी असायला नको का? मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, फार चांगलं झालं. त्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. तुणतुणं घडवणाऱ्याचं मात्र नावही कुठं छापून येत नाही.

मिसिसिपी जॉन हर्ट या शेतकऱ्यानं १९२८ मध्ये काही गाणी ध्वनिमुद्रित केली आणि मग पस्तीस वर्षं तो शेतावर राबत राहिला. १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स हा हौशी तरुण गाण्यात आलेल्या गावाच्या नावावरून त्याला शोधत गेला. हर्टनं त्या वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात वाजवलं आणि १९६६ मध्ये तो वारला. मधल्या तीन वर्षांत कित्येक गिटारवादक त्याच्या शेजारी बसून शिकले. तसं शोधत जाणाऱ्या हौशी माणसांची आपल्याकडे वाण आहे. सोलापूर-लातूर-धाराशिवात घरोघरी गिटारी आल्या आहेत आणि मुलं त्यावर हिंदी गाण्यांचे कॉर्ड वाजवतात. त्यांनी कॉर्ड सोडून एक तार वाघ्याच्या गळ्याशी मिळवून पाहावी, रात्रभर मागे बसून नुसता आधार धरावा. मी स्वतः असा बसलो आहे. उजव्या हाताला त्या रात्री जो संयम लागला, तो कुठल्याही धड्यात मला सापडला नव्हता.

येत्या पौष पौर्णिमेला मैलारपुरात एक फड तरी स्पीकरविना ठेवावा, अशी माझी जत्रेच्या मानकऱ्यांना विनंती आहे. भोवती कडं करून बसतील तेवढीच माणसं, मध्ये दिमडी, घाटी, तुणतुणं. बेंजोवाल्या पोरांनाही बोलवा. त्यांचे कान तयार आहेत, खुंटी पिळायला ती एका रात्रीत शिकतील.